जुन्या सर्व्हरवर डेस्कटॉप: माणूस उठला की मशीन मरतं, पंखे मात्र चालूच

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. जुना सर्व्हर आहे आणि त्यावर लिनक्सचा साधा डेस्कटॉप टाकलाय. समोर बसून काम करा, दिवसभर काही तक्रार नाही. चहाला गेलात, डबा खायला गेलात, फोनवर बोलत दारात उभे राहिलात, की परत येईपर्यंत स्क्रीन काळी. माउस हलवा, कीबोर्ड बडवा, काही होत नाही. दुसऱ्या मशीनवरून पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून 'आहेस का' असं विचारलं, तर उत्तर नाही. पंखे मात्र फिरतायत आणि पुढचा हिरवा दिवाही लागलेला आहे. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायचं, परत सुरू करायचं, आणि सर्व्हर उभा राहायला लागणारी चार-पाच मिनिटं कपाळाला हात लावून बसायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

असं असेल तर मशीन बहुधा बिघडलेलं नाही. ते झोपलंय आणि त्याला उठता येत नाही. उपाय एका ओळीचा आहे, घाईत असाल तर 'कायमचा उपाय' या मथळ्यापर्यंत सरळ खाली जा. आम्हाला त्या ओळीपर्यंत पोचायला दीड महिना लागला, तोही दिवाळीच्या तोंडावरचा. बरं वाटल्यावर दुखणं दोनदा उलटलं, ते वेगळंच. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत, सगळ्या लहान अक्षरांत टाइप करायच्या. 'सीटीएल' दिसलं की सी, टी, एल ही तीन अक्षरं, आणि आकडे इंग्रजी. सुरुवातीचं 'सुडो' म्हणजे आज्ञा अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालव.

मशीन कुठून आलं

माझ्या आतेभावाचा साताऱ्याकडे छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल आणि वर्षातून एकदा दिवाळी अंक. २०२४ च्या श्रावणात त्याला एका बंद झालेल्या ऑफिसचा टॉवर सर्व्हर भंगाराच्या भावात मिळाला. आत इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या झिऑन ई५-२६२० व्ही२ जातीचे दोन प्रोसेसर होते. हे २०१३ च्या पिढीचे, प्रत्येकी ६ कोअरचे, म्हणजे एकूण १२ कोअर आणि २४ थ्रेड, एका वेळी चोवीस कामं. रॅम ६४ जीबी. ही रॅम रजिस्टर्ड ईसीसी जातीची असते, साध्या डेस्कटॉपच्या बोर्डावर चालत नाही, म्हणून जुन्या बाजारात तिला कुणी विचारत नाही. पेटी उचलायला दोन माणसं लागली.

आतेभावाला, म्हणजे आमच्या दादाला, हवा होता विंडोज. मी नको म्हटलं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं आणि विंडोज ११ साठी चालणाऱ्या प्रोसेसरांच्या अधिकृत यादीत इतके जुने झिऑन नाहीत. शिवाय दोन सॉकेटच्या मशीनवर होम आवृत्ती टाकली तर ती एकच प्रोसेसर वापरते, दुसरा नुसता वीज खात बसतो. दोन्ही वापरायचे तर प्रो लागते. म्हणून डेबियन १२ हे लिनक्सचं वितरण आणि त्याचा नेहमीचा ग्नोम डेस्कटॉप टाकला. पत्रिकांचं काम जुन्या फाँटमुळे दादाच्या जुन्या विंडोज मशीनवरच राहिलं. या मशीनला दिलं स्कॅनचं काम. एका बंद पडलेल्या मासिकाचे बांधीव खंड होते, साधारण ६,००० पानं. त्यातला निवडक मजकूर परवानगी घेऊन दिवाळीत पुन्हा छापायचा होता. पानं स्कॅन करायची, टेसरॅक्ट या अक्षर ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला मराठीची भाषा-फाइल जोडून अक्षरओळख करून घ्यायची आणि मग तपासायला बसायचं. २४ थ्रेडवर दोन तासांचा मामला होता.

तो एकदाही दोन तास चालला नाही. हजार-अकराशे पानांवर गेला की मशीन मेलेलं.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

मी पुण्यात नोकरीला, त्यामुळे दुरुस्ती फक्त शनिवार-रविवारी. सोमवारी दुपारी दादाचा फोन ठरलेला: "काय रे, तुझं भूत परत मेलं बघ."

पहिला संशय उष्णतेवर. तो येणं साहजिक होतं. चोवीसच्या चोवीस थ्रेड राबत असताना मरतंय, म्हणजे तापतंय. पेटी उघडली, ब्लोअरने धूळ काढली, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली होती ती दोन्हीकडे नवी लावली. मग स्ट्रेस-एनजी लावून तासभर सगळे कोअर पिळले. आम्ही दोघं समोर बसून तापमानाचे आकडे बघत होतो. सत्तरीच्या वर गेलं नाही, मशीन जराही डगमगलं नाही. मी समाधानाने शेवटची एसटी पकडली. सोमवारी फोन.

त्या तासाभरात आम्ही काय करत होतो, ते मला फार उशिरा कळलं. पाच मिनिटं हात लावला नाही की स्क्रीन काळी व्हायची, म्हणून आकडे दिसत राहावेत यासाठी आमच्यापैकी एकाचा हात सतत माउसवर होता. चाचणी घेणाराच रोग्याला जागं ठेवत होता!

दुसरा संशय रॅमवर. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवलं. ६४ जीबीला वेळ लागतो. सकाळी एकही चूक नाही. आता वाटतं, चूक निघणार कशी? मेमटेस्ट हा ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय थेट चालणारा प्रोग्रॅम. तिथे डेबियन नाही, ग्नोम नाही, झोपवणारं कुणीच नाही.

तिसरा संशय आपला नेहमीचा, लाइटवर. व्होल्टेज खालीवर होतंय, यूपीएस म्हातारा झालाय. दादाने नवा यूपीएस आणला. त्याच्या किमतीत भंगारातला अजून एक सर्व्हर आला असता, असं तो आजही ऐकवतो.

धागा सापडला तो कंपोझिंग करणाऱ्या ताईंना. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी समोर बसून पानं तपासते तेव्हा हे कधीच बंद पडत नाही. मी डब्याला उठले की पडतं." आम्ही आधी हसलो. मग मी टेसरॅक्टने तयार केलेल्या फाइलींच्या वेळा बघितल्या. त्या दिवशी शेवटच्या पानाची फाइल १ वाजून २७ मिनिटांनी लिहिलेली होती. ताई उठल्या होत्या एक वाजून सातच्या सुमारास. आदल्या आठवड्यातली फाइल बघितली, तिथेही माणूस उठल्यापासून वीस मिनिटं. पानांचा आकडा जवळपास सारखा येत होता कारण वेळ सारखी होती, आणि आम्ही तो आकडा बघून उष्णतेचा हिशेब मांडत बसलो होतो.

आधी बीएमसीला विचारा

सर्व्हरच्या मदरबोर्डावर एक वेगळा चिमुकला संगणक असतो, त्याला बीएमसी म्हणतात. मुंबईकरांनी दचकू नये, ही महापालिका नव्हे. हिच्याकडे केलेल्या चौकशीचं उत्तर लगेच मिळतं. मुख्य मशीन बंद असलं तरी प्लगमध्ये वीज आहे तोवर हा जागा असतो, बहुतेकदा त्याला स्वतःचं नेटवर्क पोर्ट असतं, आणि तो घटनांची नोंदवही ठेवतो. वीजपुरवठा तुटला, पंखा अडकला, तापमान हद्दीबाहेर गेलं, रॅममध्ये दुरुस्त न होणारी चूक आली, तर ते त्यात लिहिलेलं सापडतं. साध्या डेस्कटॉपला ही सोय नसते. सर्व्हर घेतल्याचा हा खरा फायदा आहे आणि आम्ही दीड महिना तो वापरलाच नाही.

ब्राउझरमधून बघता येतं, नाहीतर डेबियनवर आयपीएमआयटूल टाकून ('सेल'चं स्पेलिंग एस, ई, एल):

सुडो आयपीएमआयटूल सेल लिस्ट

आमच्या नोंदवहीत त्या दीड महिन्यात एकाच प्रकारच्या नोंदी होत्या: पेटीचं झाकण उघडलं. सगळ्या शनिवार-रविवारच्या. म्हणजे बीएमसीच्या मते या मशीनला झालेला एकमेव उपद्रव मी होतो.

मशीन 'मेलेलं' असताना दुसऱ्या संगणकावरून बीएमसीच्या पानावर गेलो तर पॉवरची स्थिती 'ऑन'. वीज गेलेली नाही, तापलेलं नाही, रॅम ठीक आहे. हार्डवेअरचा पंचनामा इथे संपला. नोंदवही कोरी असेल तर स्क्रू ड्रायव्हर परत ठेवा.

मग डेबियनला विचारा

मशीन पुन्हा सुरू केल्यावर मागच्या वेळच्या नोंदींची शेपटी बघायची:

सुडो जर्नलसीटीएल -बी -१ -ई

'-बी -१' म्हणजे याच्या आधीचं बूट, '-ई' म्हणजे थेट शेवटाला उडी. अपघाताने मेलेल्या मशीनच्या नोंदी वाक्य अर्धवट तोडल्यासारख्या मध्येच थांबतात. आमच्या अगदी शिस्तीत संपत होत्या. लिनक्समधल्या सगळ्या सेवा सांभाळतो तो सिस्टिमडी. आधी त्याच्या लॉगिनडी या भागाची ओळ की सिस्टिम आता सस्पेंड होईल, म्हणजे झोपेल. मग स्लीप.टार्गेट, म्हणजे झोपेचा टप्पा, गाठल्याची. शेवटी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची: 'पीएम: सस्पेंड एंट्री', आणि तिच्यापुढे 'एस२आयडल'. यानंतर 'सस्पेंड एक्झिट' ही ओळ यायला हवी. ती कधीच आली नव्हती. वेळ १ वाजून २७ मिनिटं.

तुमच्याकडे 'सस्पेंड एंट्री' सापडली आणि 'एक्झिट' नसेल, तर निदान झालं.

सर्व्हरला झोप का येत नाही

ग्नोमने २०१८ च्या ३.२८ आवृत्तीपासून असं ठरवलं की मशीन विजेवर असलं तरी काही वेळ कुणी हात लावला नाही तर ते आपोआप सस्पेंड करावं. आमच्याकडे ती वेळ १,२०० सेकंद, म्हणजे वीस मिनिटं होती. काही वितरणं हे मूळ सेटिंग बदलून देतात, काही तसंच ठेवतात. लॅपटॉपसाठी आणि घरच्या डेस्कटॉपसाठी यात काही गैर नाही. मेख अशी की 'हात लावला नाही' याचा अर्थ फक्त कीबोर्ड आणि माउस. प्रोसेसर घाम गाळतोय का, हे बघितलंच जात नाही. त्यामुळे चोवीस थ्रेडवर चाललेलं काम ग्नोमच्या दृष्टीने रिकामपणच.

आता दुसरी बाजू. संगणकाच्या झोपेच्या पायऱ्या एसीपीआय या मानकात ठरवलेल्या आहेत. एस० म्हणजे जागा. एस३ म्हणजे आपण ज्याला सस्पेंड म्हणतो ते: रॅमला तेवढी वीज, बाकी सगळं बंद. एस४ हायबरनेट, म्हणजे रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून बंद होणं, आणि एस५ बंद. लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डातच भरलेल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, एस३ किंवा त्याचा नवा पर्याय काळजीपूर्वक बसवलेला असतो, कारण झाकण मिटणं हे त्याचं रोजचं आयुष्य. सर्व्हर बनवणाऱ्याने असा विचार करण्याचं कारणच नाही. सर्व्हर जागं राहण्यासाठीच विकत घेतात. त्यामुळे बऱ्याच सर्व्हरच्या फर्मवेअरमध्ये एस३ नसतोच. तपासायला:

सुडो डीमेसेज | ग्रेप -आय सपोर्ट्स

पहिल्या आज्ञेचं स्पेलिंग डी, एम, ई, एस, जी असं आहे. आमच्याकडे एसीपीआयच्या ओळीत एस०, एस४ आणि एस५ एवढेच होते. मध्ये एस३च्या जागी खिंडार. अजून एक:

कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप

चांगल्या डेस्कटॉपवर इथे 'एस२आयडल' आणि 'डीप' असे दोन शब्द दिसतात. 'डीप' म्हणजे एस३. सर्व्हरवर एकटा एस२आयडल होता.

फर्मवेअर म्हणतं मला झोपता येत नाही, डेस्कटॉप म्हणतो झोप. मग कर्नल मधला मार्ग काढतो. एस२आयडल म्हणजे कर्नलच्या पातळीवरची झोप: प्रोग्रॅम गोठवायचे, डिस्क-नेटवर्क-ग्राफिक्स शांत करायचे, प्रोसेसरला डुलकी घेऊ द्यायची. वीज कुठेच तोडली जात नाही, म्हणून दिवा लागलेला. पंखे तर बीएमसीच्या ताब्यात, ते फिरतच राहणार. आत सगळं गोठलेलं आणि बाहेर घरघर चालू. झोपेचं सोंग घेतलेल्याला जागं करता येत नाही असं म्हणतात. इथे जागं असल्याचं सोंग होतं.

उठताना प्रत्येक ड्रायव्हरने आपापलं यंत्र पुन्हा मार्गी लावायचं असतं. अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं रेड कार्ड, बीएमसीतली ग्राफिक्स चिप, सर्व्हरची नेटवर्क कार्डं, यांची झोपेतून उठण्याची परीक्षा कुणी रोज घेत नाही. एकाने पाय ओढला की सगळं तिथेच अडकतं.

खात्री करायची असेल तर वीस मिनिटं थांबायला नको. सगळं काम सेव्ह करा, बाकीचे प्रोग्रॅम बंद करा, आणि:

सुडो आरटीसीवेक -एम फ्रीझ -एस ३०

'फ्रीझ' म्हणजे हीच एस२आयडलची झोप, आणि ३० सेकंदांनी घड्याळ तिला उठवणार. तीस सेकंदांनी डेस्कटॉप परत आला तर तुमचं मशीन उठू शकतं, दोष दुसरीकडे शोधा. आमचं परत आलं नाही. दीड महिना पकडता न आलेला बिघाड अर्ध्या मिनिटात, हवा तेव्हा, समोर उभा करता आला. त्या शनिवारी मी पहिल्यांदा निवांत चहा प्यायलो.

दुखणं उलटलं, दोनदा

आता सोपं वाटलं. ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये पॉवर, तिथे ऑटोमॅटिक सस्पेंड, ते बंद. ६,००० पानांची अक्षरओळख त्याच रात्री पूर्ण झाली. दादाने पेढे दिले.

दोन आठवड्यांनी फोन. "परत मेलं."

झालं असं की तपासणीचं काम वाढलं म्हणून ताईंना त्यांचं वेगळं खातं काढून दिलं होतं. ऑटोमॅटिक सस्पेंडचं हे सेटिंग मशीनचं नसतं, ज्याच्या त्याच्या खात्याचं असतं. मी दादाच्या खात्यातलं बंद केलं होतं. ताईंचं खातं नवंकोरं, तिथे वीस मिनिटं शाबूत. त्यांच्याही खात्यात बंद केलं.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा. या वेळी सकाळी. छापखाना उघडणारा मुलगा साडेआठला सगळी बटणं दाबून जायचा आणि ताई सव्वानऊला यायच्या. त्या येईपर्यंत मशीन गार. यात गोंधळ असा की तोवर कुणी लॉगिनच केलेलं नव्हतं. मग कुणाच्या सेटिंगने झोपलं?

लॉगिनच्या पडद्याच्या स्वतःच्या सेटिंगने. ग्नोमसोबत येणारा जीडीएम हा लॉगिनचा पडदा स्वतःच्या वेगळ्या खात्यातून चालतो आणि त्याचे स्वतःचे पॉवरचे नियम असतात. तुमच्या खात्यात तुम्ही काहीही ठरवा, लॉगआउट केलंत की राज्य त्याचं. डेबियनवर त्याची फाइल /ईटीसी/जीडीएम३ या फोल्डरमध्ये असते, नाव 'ग्रीटर.डीकॉन्फ-डिफॉल्ट्स'. तिच्यात स्लीप-इनअ‍ॅक्टिव्ह-एसी-टाइप अशी ओळ हॅशची खूण लावून निष्क्रिय ठेवलेली असते. हॅश काढून 'सस्पेंड'च्या जागी 'नथिंग' लिहिलं की तो पडदा कुणाला झोपवत नाही.

पण एव्हाना मला या खेळाचा कंटाळा आला होता. तीन दारं बंद केली, चौथं कुठून उघडेल सांगता येत नाही. उद्या चौथं खातं काढलं जाईल, कुणी वेगळा डेस्कटॉप टाकेल, नाहीतर कुणीतरी सद्भावनेने मेन्यूतलं 'सस्पेंड' दाबेल. ज्या मशीनला झोपून उठताच येत नाही, तिथे झोपायची सोयच काढून टाकावी.

कायमचा उपाय

सुडो सिस्टिमसीटीएल मास्क स्लीप.टार्गेट सस्पेंड.टार्गेट हायबरनेट.टार्गेट हायब्रिड-स्लीप.टार्गेट

ही एक ओळ, मग रीबूट. मास्क केल्याने ही चार टार्गेट्स /डेव्ह/नल कडे, म्हणजे शून्याकडे, वळवली जातात. मग झोपायचा हुकूम ग्नोमने सोडो, जीडीएमने सोडो की माणसाने, सिस्टिमडी तो पाळत नाही. खात्री करायला:

सिस्टिमसीटीएल स्टेटस स्लीप.टार्गेट

'मास्क्ड' दिसलं पाहिजे. गेल्या वर्षी आम्ही हेच मशीन डेबियन १३ वर नेलं, तेव्हाही मास्क जागच्या जागी होता, कारण या खुणा /ईटीसी मध्ये राहतात आणि अपग्रेड त्यांना हात लावत नाही. मात्र नव्याने कोरं इन्स्टॉल केलंत तर ओळ पुन्हा द्यावी लागेल. कधी नको झालं तर 'मास्क'च्या जागी 'अनमास्क' लिहून तीच आज्ञा.

मास्क केल्यावरही खात्यांतलं ऑटोमॅटिक सस्पेंड बंदच ठेवा. नाहीतर वीस मिनिटांनी ग्नोम झोपायला सांगणार, सिस्टिमडी नाही म्हणणार, आणि नोंदींमध्ये उगाच कचरा साठणार. केडीई किंवा एक्सएफसीई वापरत असाल तर पॉवरची सेटिंग्ज वेगळ्या ठिकाणी सापडतील, मास्कची ओळ तीच.

स्क्रीन काळी होणं वेगळं, ते राहू द्या. मॉनिटर विझायलाच हवा. मास्कचा त्याच्याशी संबंध नाही.

हे नसेल तर?

काळ्या स्क्रीनला दुसरीही कारणं असतात. गाळायची पद्धत सोपी आहे.

पिंगला उत्तर येतंय, एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनच्या टर्मिनलमधून, आत जाता येतंय, पण स्क्रीन काळी: मशीन जागं आहे, फक्त चित्र येत नाही. कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून बघा. पदरचं ग्राफिक्स कार्ड घातलं असेल तर चित्र अजून मागच्या जुन्या व्हीजीए पोर्टमधून येत असण्याचीही शक्यता आहे. सर्व्हरचा बायोस बोर्डवरच्या चिपला पहिला मान देतो आणि तो बदलायचं सेटिंग आत असतं.

मशीन गोठत नाही, आपोआप रीस्टार्ट होतं: बीएमसीच्या नोंदीत वॉचडॉग शोधा. ऑपरेटिंग सिस्टिम ठरावीक वेळात हजेरी देत नसेल तर तो मशीनला धक्का मारतो. जुन्या मालकाने त्याच्या सर्व्हरसाठी लावलेलं ते सेटिंग तसंच राहिलेलं असतं. मशीन हातात आल्या आल्या बायोस आणि बीएमसी दोन्ही मूळ स्थितीला आणावेत, हे मी आता नियमच केलंय.

लाइट गेल्याच्या क्षणी मशीन धाडकन बंद, यूपीएस मात्र बीप करत जिवंत: हा झोपेचा विषय नाही. स्वस्त यूपीएस बॅटरीवर पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात आणि सर्व्हरच्या काही वीजपुरवठ्यांना ती मानवत नाही. शिवाय ६०० व्हीएच्या यूपीएसने सर्व्हर पेलावा ही अपेक्षाही जरा जास्तच. सुरू होताना सगळे पंखे एकदम पूर्ण वेगाने फिरतात तेव्हाचा भार वेगळा असतो.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात. अ‍ॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी /ए' दिलं की कुठली झोप उपलब्ध आहे आणि कुठली का नाही, याची कारणांसह यादी मिळते. एस३ समोर 'फर्मवेअर आधार देत नाही' असं दिसलं तर तेच दुखणं. हायबरनेटही बंद करून टाका, 'पॉवरसीएफजी /एच ऑफ'. त्याची फाइल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के जागा अडवते. ६४ जीबी रॅम असेल तर २५ जीबीच्या आसपास. छोट्या एसएसडीवर ते परवडत नाही.

ग्राफिक्सचं म्हणाल तर बोर्डवरच्या चिपकडून फार अपेक्षा नको. पुष्कळ सर्व्हरमध्ये बसवलेली मॅट्रॉक्स जी२०० ही १९९८ च्या घराण्यातली आहे आणि तिच्या वाट्याला मेमरी असते ८ किंवा १६ मेगाबाइट. १९२० गुणिले १०८० च्या एका पडद्याला, प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरले, तर ८२,९४,४०० बाइट लागतात. म्हणजे ८ मेगाबाइटची चिप एका चित्रातच जवळजवळ भरली. अशा चिपवर खिडकी ओढली की मागे शेपूट राहतं. कमी विजेचं साधं कार्ड घाला. आधी स्लॉटची लांबी आणि तो किती वॅट देतो ते बघा, काही स्लॉट २५ वॅटच्या पुढे जात नाहीत. आवाजासाठी यूएसबी साउंड कार्ड, कारण सर्व्हरला आवाजाची चिपच नसते. 'डमी आउटपुट' दिसलं तर ड्रायव्हर शोधत बसू नका.

झोप बंद केली, मग विजेचं काय

दादाने हा प्रश्न विचारलाच. असं दोन प्रोसेसरचं जुनं मशीन नुसतं बसलं तरी शंभर-दीडशे वॅट खातं. १३० वॅट धरले, रोज १० तास, महिन्याचे २६ दिवस, तर ३४ युनिटच्या आसपास. चोवीस तास तसंच ठेवलं तर महिन्याला नव्वदच्या वर. म्हणून झोप नाही, पण रात्री रीतसर शटडाउन. रोज रात्री साडेनऊला क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, शटडाउनची आज्ञा जाते. अक्षरओळखीसारखं रात्रीचं काम असेल त्या दिवशी ताई ती ओळ हॅश लावून ठेवतात. सकाळी कुणी बटण दाबायलाही लागत नाही: दादाच्या जुन्या मशीनवरून बीएमसीला 'पॉवर ऑन' असा हुकूम जातो आणि ताई येईपर्यंत चार-पाच मिनिटांचं ते सगळं बूटपुराण उरकलेलं असतं.

बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याचंही एक सेटिंग असतं. कारखान्यातून ते कधी 'ऑन' तर कधी 'लास्ट', म्हणजे आधी होतं तसं, असं येतं. आमच्याकडे 'ऑन' होतं. त्यामुळे पहाटे तीनला लाइट जाऊन आली की रिकाम्या छापखान्यात हे धूड पूर्ण आवाजात सुरू व्हायचं आणि शेजारी जागे व्हायचे. आम्ही ते 'ऑफ' केलंय.